चौथा दाब

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो, अंगारा-धुपारा आमच्याकडे कधी शिरलाच नाही. त्यातून धंदा मोटार मेकॅनिकचा... गाडी बिघडली तर कारण असतंच, हे मानूनच जगलो. तरी हे लिहितोय.

शहाऐंशी-सत्त्याऐंशी असेल. सौंसरला रस्त्यालगत माझं छोटं गॅरेज होतं. मदतीला बायको, शांता. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात — एक सीटवर बसून पेडल मारतो, दुसरा चाकापाशी आडवा पडून निपल, म्हणजे हवा निघायचा स्क्रू, सोडतो. मी खालून ओरडायचो, "तीन मार... धर." शांता हटकून चार मारायची. रागावलो की म्हणायची, "तीन तुमचे, चौथा माह्याकडून." सतरा वर्षांत बाईने एकदा तीनवर पाय थांबवला नाही. त्या उन्हाळ्यात ती काविळीने गेली.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. अर्धं सौंसर गोटमार, ती दगडफेकीची जत्रा, बघायला पांढुर्ण्याला गेलेलं, भाड्याची एक गाडी शिल्लक नाही. सकाळी अकराच्या सुमारास रामाकोन्याचे देवराव त्यांची जीप घेऊन आले — आले म्हणजे, गॅरेजपुढच्या मातीच्या ढिगात घुसवून कशीबशी थांबवली.

"मिस्त्री, पेडल पार खाली जाऊन राहिलं. पोरगी इथंच दवाखान्यात हाय. बाळ आडवं हाय म्हणते डॉक्टरीन, नागपूरले न्या लागते." एवढं बोलून ते तिच्याकडे पळाले.

पेडल मळलेल्या कणकेसारखं नरम. मागच्या डाव्या चाकातून ऑइल गळत होतं. ड्रम काढला, आतलं रबर फाटलेलं. नवं घातलं. पण लाइनीत हवा शिरलेली, आणि पेडल मारायला दुसरं माणूस नाही. ऑइल आपोआप झिरपू द्यायचं म्हटलं तर तास-दीड तास. पोरीकडे तेवढा वेळ नव्हता.

आडवा पडलो, निपलला नळी लावली, आणि सवयीने तोंडून निघालं, "तीन मार... धर."

पेडल वाजलं. एक, दोन, तीन... चार.

हातातला पाना थांबला. मग स्वतःची समजूत काढली — देवराव परत आले असतील, घाईत मोजायला चुकले असतील. निपल सोडला, बुडबुडे आले, आवळला. "सोड." पेडल सुटलं. खालूनच सरकत चारही चाकं अशीच केली, आणि दर खेपेला चारच. शेवटी वैतागून म्हटलं, "देवराव, तीन सांगून राहिलो ना."



बाहेर आलो. सीट रिकामी. पेडल दाबलं तर एकदम टणक. तेवढ्यात देवराव पोरीला सायकलरिक्षातून घेऊन येताना दिसले.

"मधात येऊन गेलते का तुम्ही?" मी विचारलं.

"नाही बा. आत्ताच तं येऊन राहिलो."

जीप मीच चालवली. नागपूरपर्यंत ब्रेक एकदाही दगा दिला नाही. संध्याकाळी मुलगा झाला, दोघं सुखरूप. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी शांतासाठी पहिल्यांदा रडलो. देवरावांना वाटलं, त्यांच्या नातवाच्या आनंदाने रडतोय.

कारण पुष्कळ शोधलं. पेडल आपलं आपण हलत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? नाही सापडलं. आजही हवा काढताना मी खालून "तीन" म्हणतो आणि वर बसलेला माणूस इमानदारीने तीनच मारतो. मी लगेच निपल सोडत नाही... जरा थांबतो.