चार दादरचा, पाच मुलुंडचा

ईरा, अन्वय, तुमच्या बाबाने परवा विचारलं, "आई, लँडलाइन आता बंद करूया का?" मी नको म्हणाले. का, ते तुम्हाला सांगते.

पूर्वी मुंबईत फोनच्या पहिल्या आकड्यावरून माणूस कुठल्या भागातला ते कळायचं. आमचा दादरचा नंबर चारने सुरू व्हायचा, मुलुंडचे पाचने. मुलुंडच्या नलूताईंचा नंबर तेवढा एक आकडा सोडला तर अगदी आमचाच. त्यांची साताऱ्याची माहेरची माणसं तोच आकडा हटकून चुकायची आणि फोन आमच्याकडे यायचा. मग मी निरोप पोचवायची.

"नलूताई, तुमचा भाऊ गुरुवारी येतोय. पुरणपोळी हवी म्हणाला."

"खाणार तो, आणि दमणार आपण दोघी. मी पोळ्या लाटून, तुम्ही निरोप पोचवून," त्या म्हणायच्या.

आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नाही. शेजार भिंतीला भिंत लागूनच होतो असं नाही, हे मला त्या फोनने शिकवलं. आता त्यांच्या माहेरी कोणी उरलं नाही, त्यामुळे चुकलेले फोनही थांबले. मोबाइल त्या वापरत नाहीत. माझा हा एकच नंबर त्यांना पाठ आहे. रविवारी सकाळी त्या अजून तो मुद्दाम फिरवतात, आणि मी उचलते.