आईसाठी मासे

कसबा पेठेतल्या त्या मासेवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाशी बोलतानाही तो काचा पुसत राहायचा, उत्तरं पाठमोराच द्यायचा.

"पहिल्यांदाच पाळतोय. टाकी लहान आहे. ज्यांचं फारसं काही करावं लागत नाही, असे मासे द्या," मी म्हणालो.

"घरी दिवसभर कोण असतं?"

"आई. अमरावतीहून आणलंय तिला. मी आयटीत, यायला उशीर होतो. तिला करमावं म्हणून..."

त्याचं फडकं थांबलं. पहिल्यांदाच तो माझ्याकडे वळला.

"अहो, आणि त्यांना काहीच काम पडू नये? मग भिंतीवर माशांचं चित्र लावा की!"

त्याने जाळीने गप्पी काढले. दणकट, पण सारखी पिल्लं घालणारे. "पिल्लं दिसली की लगेच वेगळी काढायला सांगा, नाहीतर हेच खातात," म्हणाला आणि पुन्हा काचेकडे वळला.

आता आई दिवसभर बरण्या मांडून बसते. सोसायटीतल्या बायका पिल्लं मागायला येतात. पूर्वी दुपारी ऑफिसात तिचा फोन यायचा, "आज लवकर येशीन काय रे?" तो बंद झालाय.

ती वेळ झाली की मी मात्र उगाच फोनकडे बघत बसतो.