बाझील व्हासरचं स्वतःचं तोंड

बाझील व्हासरला मी बावीस वर्षं ओळखत होतो आणि त्यातली निदान पंधरा त्याच्यावर जळण्यात घालवली, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच चांगलं मत व्हायला नको.

आम्ही दोघं पॅरिसच्या उत्तरेला एका डबिंग स्टुडिओत कामाला होतो. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर अमेरिकन चित्रपट चालतो, त्याच्याखाली हातानं लिहिलेल्या फ्रेंच संवादांची पट्टी सरकत जाते आणि शब्द उभ्या रेषेला टेकला की आपण बोलायचं. समोर पोटाच्या उंचीवर लोखंडी दांडा असतो. त्या दांड्याला टेकून बाझीलनं वेड हार्लन या ताडमाड नटाचे एकतीस चित्रपट बोलून काढले. मी त्याच चित्रपटांत घोडेचोर, दारुडा, नाहीतर पहिल्या गोळीला मरणारा. हार्लनच्या आवाजाच्या चाचणीत एकोणीसशे त्रेसष्ट साली मी दुसरा आलो होतो. दुसऱ्याला काय मिळतं? घोडे.

बाझील स्वतः सव्वापाच फूट, पोट सुटलेलं, टक्कल पडलेलं. खाटकाकडे त्यानं नुसतं "मटण द्या" म्हटलं तरी बायका मोहरून मागे वळायच्या आणि त्याच्या डोक्यावरून दाराकडे बघत हार्लनला शोधायच्या. तो हसायचा. मी जरा जास्तच हसायचो.

पण तो आला होता नट व्हायला. उत्तरेकडच्या दुए गावात त्याच्या आईनं, लेओंतीनबाईंनी, सूतगिरणीचा धुरळा खात त्याला नाट्यशाळेत शिकवलं. रंगभूमीनं त्याला सहा वर्षं भाला धरून मागे उभं केलं, म्हणून तो डबिंगला लागला. आई एकदाच हार्लनचा चित्रपट बघायला गेली आणि अर्ध्यातून उठून आली. "परक्या बाप्याच्या तोंडातून माझं पोर बोलतंय, मला नाही बघवत," म्हणाली. "तुझं तोंड आणि तुझा आवाज एका जागी असतील तेव्हा मला न्यायला ये."

बाझील एकोणपन्नास वर्षांचा झाला, आई ब्याऐंशीची झाली, तरी ती वाट बघत होती. दर रविवारी तो फोन करायचा आणि दर रविवारी ती विचारायची, "झालं का काही?"

चौऱ्याहत्तर साली झालं. हार्लनच्या एका पोलीसपटाचं चित्रीकरण पॅरिसमध्ये होतं. अमेरिकन दिग्दर्शकानं बाझीलला आमच्या स्टुडिओच्या जिन्यावर पाहिलं आणि म्हणाला, हा चेहरा मला हवा. मित्राला पोलिसांच्या हवाली करणारा हॉटेलमालक. बारा मिनिटांचं काम. बाझीलनं इंग्रजी वाक्यं पाठ केली, टाय विकत घेतला, आईला फोन केला. सेटवर कुणीतरी हार्लनला सांगितलं की हाच तुमचा फ्रेंच आवाज. हार्लननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे हा मी? मला वाटलं होतं मी उंच असेन." सगळे हसले. बाझीलही हसला, कारण त्याला वाटलं आपले चांगले दिवस आले.

चित्रपट फ्रेंच करायला आमच्याकडे आला तेव्हा काम बघणाऱ्या मादाम केर्ब्रा यांनी बाझीलला बोलावलं. मी तिथेच कॉफी पीत होतो.

"बाझील, तुझे सगळे प्रसंग हार्लनबरोबर आहेत. दोघांना तुझा आवाज कसा देऊ? लोक म्हणतील, हा स्वतःशीच भांडतोय."

"मग?"

"मग तू ठरव बाबा. हार्लन बोल, नाहीतर स्वतःच्या चेहऱ्याला आवाज दे. पण एकदा हार्लन सोडलास की अमेरिकेतली मंडळी पुढच्या वेळी नवाच आवाज मागतील, हे सांगून ठेवते."

"आणि ह्यावेळी हार्लन कोण बोलणार?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सिगरेट शिलगावली. उलट्या टोकानं, आणि ते बाझीलला दिसलं.

 तो माझ्याजवळ आला. "तुला नाही देणार, आर्मेल," तो म्हणाला. "मेलो तरी नाही."

असं त्यानं हार्लनला धरून ठेवलं. आणि त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यासाठी आवाज हवा होता, तो बाईंनी माझा घेतला.

त्या दोन दिवसांसारखं वाईट काम मी पुन्हा केलं नाही. दांड्याला आम्ही शेजारी शेजारी उभे. पडद्यावर हार्लननं हॉटेलमालकाची गचांडी धरलेली. बाझीलचा तो गोल, घामेजलेला चेहरा गयावया करतोय, "मला दोन शब्द बोलू द्या, साहेब," आणि ते मी म्हणतोय. आणि बाझील, अस्सल बाझील, त्या चेहऱ्याकडे बघत म्हणतोय, "तोंड बंद ठेव." एकतीस चित्रपटांत एकदाही न चुकलेला माणूस तिथे तीनदा चुकला. चौथ्यांदा तो अशा विखारानं बोलला की मादाम केर्ब्रांनी टाळ्या वाजवल्या.

"आईला काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"तू चल बरोबर," तो म्हणाला. "मला एकट्याला नाही जमायचं." मी का हो म्हटलं? थोडी लाज वाटली म्हणून, आणि थोडं त्याची फजिती बघायला मिळेल म्हणूनही.

दुएला रविवारी दुपारचा खेळ. लेओंतीनबाईंनी काळा कोट घातला होता, शेजारच्या दोघींना सांगून ठेवलं होतं. आम्हा दोघांच्या मध्ये त्या बसल्या. पडद्यावर मुलाचा चेहरा आला तेव्हा त्यांनी बाझीलची बाही घट्ट पकडली. चेहऱ्यानं तोंड उघडलं. आत मी होतो. बाईंनी बाही सोडून दिली.

घरी त्यांनी चिकोरीची कॉफी केली, साखरेच्या टार्टचे तीन तुकडे कापले. मग माझ्याकडे वळल्या.

"तो आवाज तुमचा ना?"

"हो, मादाम."

"आणि अमेरिकनाचा तुझा."

"हो, आई."

"कंपनीनं जबरदस्ती केली असेल," त्या म्हणाल्या. "गिरणीतही असंच होतं. विचारतंय कोण आपल्याला?"

त्या स्वतःच त्याला वाट करून देत होत्या. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं, मीही मान डोलावली असती. एवढी वर्षं दुसऱ्यानं लिहिलेलं हुबेहूब बोललेला माणूस. त्याला तेवढं एक अक्षर बोलता आलं नाही.

"विचारलं होतं, आई."

"आणि तू त्याला निवडलंस?"

बाझीलनं मान खाली घातली.

लेओंतीनबाई रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी बाझीलसमोरची बशी उचलली आणि माझ्यापुढे ठेवली.

"घ्या," त्या मला म्हणाल्या. "निदान तुम्ही तरी माझ्या पोराच्या बाजूनं बोललात."

मी दोन्ही तुकडे खाल्ले. बाझीलसमोर.