पाटीखालची बाई

भाविकाचा दिवस ठिपक्यांत जायचा. अंधेरीतल्या त्या ऑफिसात रस्ते यायचे, पण डांबर नाही, झाडं नाहीत. गाडीवरच्या लेझरने टिपलेले ठिपके काळ्या पडद्यावर तरंगत असायचे. त्यांतून रिक्षा, खांब, माणूस ओळखायचा आणि प्रत्येकाभोवती लांबी-रुंदी-उंचीचा बॉक्स घालायचा. असे हजारो बॉक्स पाहून मशीन पुढे स्वतःच वस्तू ओळखणार होतं.

तिची आई कृष्णाबाई वेसाव्याच्या कोळीवाड्यात आता घरीच असायची. मासळीची पाटी डोक्यावर वाहून वाहून मानेचे मणके झिजले होते. डॉक्टरांनी ओझं बंद केलं, तेव्हापासून घर भाविकाच्या पगारावर होतं. म्हणून टीम लीडर सर्वेश खुर्ची ओढत जवळ आला, तेव्हा ती सावरून बसली.

"काय गं हे? साडेसहा फुटांची बाई? बास्केटबॉल खेळते काय?"

"डोक्यावर पाटी आहे तिच्या."

"मग बाईचा बॉक्स डोक्यापर्यंत. वरची वस्तू वेगळी. नियम आहे ना."

"पाटी काय हवेत राहते का रे? ती अख्खी बाईच आहे."

भाविकाने सगळ्याच बायकांना पाटीसकट एका बॉक्समध्ये घातलं होतं. दुसरं काही करता येतं, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"क्लायंटने सगळं परत पाठवलंय, यार. आज सुधारलं नाहीस तर तुला काढतील. माझ्या हातात काही नाही."

ती एकेक बाई उघडून कपाळावर आडवी कापू लागली. खाली माणूस, वर सामान. एका बाईपाशी ती थांबली. पाटी धरायला वर गेलेला हात. कोपरापासून पुढचे ठिपके सामानात जात होते.

"सर्वेश, हात कुणात धरू?"

"दहा-बारा ठिपके आहेत गं. सोड."

तिने सोडले, ना बाईत ना सामानात. पुढच्या बाईचेही सोडले. मग विचारायचं थांबवलं.

संध्याकाळी काम पास झालं. घरी आई दारातच उभी होती.

"नोकरी ऱ्हायली ना गो?"

"राहिली."

कृष्णाबाईचा चेहरा सैल झाला. लेकीला खायला द्यायला ती आत गेली. फळीवरचा डबा काढायला तिने हात वर केला. तो खांद्याच्या थोडा वर जाऊन अडला. डबा अजून वीतभर वर होता.

भाविकाने उठून तो काढून द्यायला हवा होता. ती नुसती त्या हाताकडे बघत राहिली.