छतावरून सांगितलेलं खोटं

मोटारींच्या शर्यतीचा दिवस उजाडला की व्हर्ना स्ट्रूप घाबरून जायची. एरवी बाई खमकी. अमेरिकेत, कॅरोलायनातल्या त्या गावच्या शाळेत ती स्वयंपाकीण होती, आणि तिचा आवाज चढला की दांडगी पोरंही मुकाट रांगेत उभी राहायची. पण रँडलची, तिच्या मुलाची, गाडी त्या लंबगोल ट्रॅकवर आली की हिचा सगळा खमकेपणा कुठल्या कुठे! आणि नशीब असं की त्याची स्पॉटर हीच. हेल्मेटमध्ये जखडलेल्या ड्रायव्हरला बाजूचं दिसत नाही. स्पॉटरने प्रेक्षकांच्या स्टँडच्या छतावरून रेडिओवर सांगायचं, मोकळं आहे, घाल, की त्याने डोळे मिटून गाडी घालायची. रँडलला दुसऱ्या कुणाचा भरवसाच नव्हता. भीती आवाजात उतरू द्यायची नाही, एवढंच व्हर्ना इतकी वर्षं सांभाळत आली.

त्या उन्हाळ्यातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या शर्यतीत, निम्मं अंतर सरल्यावर, पुढच्या दोन गाड्या एकमेकींना घासल्या. धूर झाला. त्यातली एक गिरक्या घेत आली आणि तिने रँडलला भिंतीवर आदळलं.

पिवळा झेंडा पडला, म्हणजे सगळ्यांनी वेग उतरवून रांगेत चालायचं. आता आदळलेल्या ड्रायव्हरने खिडकीची जाळी खाली टाकायची. टाकली म्हणजे जिवंत आहे, पण शर्यत संपली. जाळी पडेना.

"रँडल? राजा, बोल की रे!"

रेडिओवर नुसती खरखर. तेवढ्यात गाडी हलली, आणि रांगेत येऊन हळूहळू चालू लागली.

"ऐकू येत असेल तर वर भिंतीकडे जा." गाडी वर गेली. म्हणजे ह्याला ऐकू येतंय, ह्याचंच इकडे येत नाही.

"डोकं आपटलंय? आपटलं असेल तर खाली ये."

गाडी वरच राहिली. पण व्हर्ना बघत होती. गाडी सरळ रस्त्यावर भिंतीकडे कलायची आणि दचकून जाग आल्यासारखी मागे यायची. असं दोनदा झालं.

"हार्लन, त्याला बाहेर काढ," ती रेडिओच्या दुसऱ्या चॅनेलवर, खाली गाडी सांभाळणाऱ्या मुख्य मेकॅनिकला म्हणाली.

"काय बाई तू! दोन पत्रे वाकलेत फक्त. उगाच अपशकुन करू नकोस!"

झेंडा हिरवा होऊन शर्यत पुन्हा सुटायला आली. सुसाट गाड्यांच्या घोळक्यात हा झोपेतल्यासारखा शिरणार होता. देवा रे, आता काय करू?

"रँडल, मागचं टायर बसतंय. आत ये," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता.

तो लगेच ट्रॅक सोडून आत, हार्लनपाशी आला. हार्लनने टायर चाचपलं आणि रेडिओवर आगपाखड सुरू केली. "ठणठणीत आहे! डोकं फिरलंय का तुझं?"

ती धापा टाकत जिना उतरून आली, तोवर रँडल बाहेर निघून गवतावर ओणवा होऊन ओकत होता. ट्रॅकवरच्या डॉक्टरने त्याचं तोंड उजेडाकडे वळवून डोळ्यांत पाहिलं आणि रुग्णवाहिका मागवली.

"टायर बसलं नव्हतं," रँडल अडखळत म्हणाला.

"नव्हतं."

"मग आता तुझ्या शब्दावर मी गाडी कशी घालू, आई?"

"घालू नकोस," व्हर्ना म्हणाली. तिने त्याचं तोंड पुसलं.

पुढच्या शर्यतीला छतावर दुसराच माणूस उभा राहिला. व्हर्ना खाली लोकांत बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. भीती होती तेवढीच होती; फक्त आता ती काही बोलली तरी त्याला ऐकू जाणार नव्हतं.