हेडफोनची डावी बाजू

ताई केस रंगवते, आणि तेही स्वस्तातल्या रंगानं, ही बातमी इमारतीत फुटली ती वरच्या मजल्यावरून. पुरावा भक्कम होता. कानामागे काळे ठिपके, मानेवर काळा चुरा, एकदा तर पांढऱ्या कॉलरवर काजळी सांडल्यासारखं काहीतरी. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली, भावाच्या घरी राहणारी बाई अचानक केस काळे करायला लागली म्हणजे कुठेतरी काहीतरी शिजत असणार, यावर जिन्यात एकमत झालं. कोणासाठी, एवढंच ठरायचं राहिलं होतं. वॉचमनचं नाव पुढे आलं, पण ते खुद्द वॉचमनलाच पटेना.

शेवटी भावजयीनं विचारलं, की केस रंगवले असते तर ते काळे दिसायला नकोत का? ताईचं डोकं तर पिंजलेल्या कापसासारखं पांढरं. झालं, बातमीतली हवाच गेली. तो काळा चुरा हेडफोनचा होता. कानावर बसणाऱ्या गाद्यांचं रेक्झिन जुनं होऊन पापुद्रे सुटत होते, आणि दिवसभर तो डोक्यावर चढवून बसणारी ताई संध्याकाळी ते अंगावर घेऊन घरी येत होती. प्रेमप्रकरण गेलं, हेडफोन उरला. लोक मनापासून हळहळले.

ताईचं काम ऐकण्याचं. घरगुती यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीकडे तक्रारींचे फोन यायचे. ज्यातून पुढे भांडण उभं राहील असं वाटे, ते फोन ऐकून शब्दन्‌शब्द टाइप करून ठेवायचे. कानावर हेडफोन, पायाखाली पेडल. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, टाचेनं दाबलं की थोडा मागे. गिऱ्हाइकाचा आवाज डाव्या कानात आणि कंपनीच्या माणसाचा उजव्या कानात, अशी सोय केलेली, म्हणजे दोघं एकदम ओरडले तरी कोण काय बोललं ते वेगळं कळावं. दोघं बहुतेक वेळा एकदमच ओरडत. ताईच्या अंगात हे काम इतकं मुरलं होतं, की घरी भावजय भरभर बोलायला लागली की ताईची टाच आपोआप फरशीवर दाबली जायची.

"ताई, पाय काय आपटताय?"

"तुला मागे घेतेय. पहिलं वाक्य निसटलं."

हेडफोन नोकरीतल्या सुरुवातीच्या दिवसांपासूनचा. डोक्यावरच्या पट्टीला चिकटपट्टीचे थर, त्या थरांत अडकलेले ताईचे पांढरे केस, आणि डाव्या बाजूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका, कोणती बाजू कुठली ते चटकन कळावं म्हणून. ऑफिसातल्या बाकीच्या मुलींचे हेडफोन कितीदा तरी बदलून झाले. ताई मात्र आपला दुरुस्तच करून आणायची. तक्रार कायम एकच: डावी बाजू वाजत नाही.

भाऊ विजेच्या वस्तूंच्या दुकानात विक्रेता. जुनी वस्तू बघितली की त्याचे हात शिवशिवायचे.

"ताई, फेकून दे ते. उद्या नवा आणतो."

"नको. दुरुस्त होईल."

"अगं, किती वेळा? मातीत लोळून आल्यासारखी दिसतेस तू."

"दिसू दे. मला कुठे कुणाला दाखवायला जायचंय?"

"वॉचमनला," भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली.

भावाच्या मते ताई चिक्कू होती. भावजयीच्या मते मायाळू, एकेकीचा जीवच अडकतो जुन्या वस्तूत. दोघंही साफ चुकत होते, पण ताईला दोन्ही आरोप चालत होते. तिसरं काही कुणाच्या डोक्यात येईपर्यंत ते दोन बरे होते.

तिसरं पहिल्यांदा डोक्यात आलं ते दुरुस्तीवाल्याच्या. बाजाराच्या तोंडाशी त्याचं कपाटाएवढं दुकान. त्यानं एकदा वायर बदलली, मग पिन बदलली, मग आतला स्पीकरच नवा घातला. दर वेळी स्वतःच्या कानाला लावून "झकास!" म्हणायचा, आणि दर वेळी ताई पुन्हा हजर.

"डावीकडे मेलाय."

"मला तर वाजतोय."

"तुम्हाला वाजून काय उपयोग? कामाला मी बसते."

"मग इतके दिवस काम कसं केलंत? गिऱ्हाईक तर डावीकडेच बोलतं म्हणता."

"एकदा सरळ घालून ऐकते, एकदा उलटा घालून. उलटा घातला की लाल ठिपका उजव्या कानावर येतो. मग वाजतो."

दुरुस्तीवाल्याचा स्क्रूड्रायव्हर हवेतच राहिला. "उजव्या कानावर आला की वाजतो?"

"हो."

"आणि डाव्या कानावर नाही?"

"तेच तर सांगतेय. डावीकडे वायर दुमडते."

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. गिऱ्हाइकावर खेकसणारा माणूस, पण आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "ताई, मग बिघाड ह्याच्यात नाहीये."

ताईनं हेडफोन त्याच्या हातातून हिसकावला, त्याला चोर म्हटलं, त्याच्या दुकानाला खोकं म्हटलं, आणि भर बाजारातून अशी ताडताड चालत आली की डावीकडून हॉर्न वाजवणारा स्कूटरवाला शेवटी तिला वळसा घालून गेला.

इमारतीला खरं तर हे आधीच कळायला हवं होतं. मधल्या मजल्यावरच्या एका बाईंची ताईबद्दल जुनीच तक्रार होती, की ही सकाळी उतरताना हाक मारली तर मान वळवत नाही आणि संध्याकाळी चढताना स्वतःहून थांबून गप्पा मारते. सकाळची घमेंडखोर, संध्याकाळची गोड. बाईंनी यावर ऑफिसचा ताण, रक्तदाब, स्वभाव अशी सगळी कारणं शोधली. आपलं दार उतरताना डाव्या हाताला येतं आणि चढताना उजव्या, एवढंच तेवढं त्यांना सुचलं नाही.

ताईला सुचलं होतं. कधीचंच. पण वायर दुमडते, हे वाक्य तिनं जिवापाड सांभाळलं होतं. दुरुस्तीला टाकलेली वस्तू बिघडलेली आहे हे सगळ्यांना मान्य असतं, कुणी जास्त चौकशी करत नाही. नवा हेडफोन आला आणि त्यातही डावीकडे सामसूम असली, तर बोट कशाकडे दाखवायचं? ऐकण्याच्या नोकरीतली बाई एका कानानं ठार बहिरी, हे कळल्यावर कोण ठेवून घेणार? आणि भावाच्या घरात ताईची स्वतंत्र खोली होती, तिथल्या कपाटाची किल्ली तिच्याकडे होती, जेवताना तिला काय हवं ते आधी विचारलं जायचं, ते सगळं त्या नोकरीवर उभं होतं. भाऊ वाईट नव्हता. पण दुकानात काय आणि घरात काय, न चालणारी वस्तू त्याला बघवत नसे.

म्हणून ताई सगळं दोनदा ऐकायची. ऑफिसातल्या मुलींनी तिचं नाव रिवाइंडताई ठेवलं होतं. त्यांची सुपरवायझर ताईच्याच हाताखाली शिकलेली, पेडल कसं दाबायचं इथपासून. ती एक दिवस कानकोंडी होऊन म्हणाली, "ताई, वरून आलंय. आलेला फोन त्याच दिवशी टाइप व्हायला हवा. तुम्ही जरा एकदाच ऐकाल का?"

"ऐकेन की," ताई म्हणाली.

तेव्हापासून ती अंदाजानं लिहू लागली. कंपनीचा माणूस "त्रास झाला असणार, मान्य आहे" म्हणाला की गिऱ्हाइकानं त्रास सांगितला असणार. तो "आवाज चढवू नका" म्हणाला की त्यानं चढवला असणार. इतक्या वर्षांत माणसं नवीन काय बोलणार? बहुतेक वेळा जमून गेलं. मोठा फोन असेल तर जेवणाच्या सुट्टीत उलटा घालून पुन्हा ऐकायची. छोटे तसेच सोडायची.

त्या छोट्यांतला एक होता एका पेन्शनर गृहस्थांचा. त्यांचं धुण्याचं यंत्र पुन्हापुन्हा दुरुस्त होऊन पुन्हापुन्हा बंद पडत होतं. कंपनीच्या माणसानं विचारलं, "मग परत माणूस पाठवून दुरुस्त करून देतो, चालेल ना?" पुढे ताईच्या कानात शांतता. आणि मग कंपनीचा माणूस, "बरं बरं, नोंद घेतो." ताईनं मधल्या शांततेत लिहिलं, "हो, चालेल." तिला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. दुरुस्त होत असेल तर कोण कशाला नाही म्हणेल?

त्या एका ओळीवर तक्रार मिटली असं धरलं गेलं. काही दिवसांनी गृहस्थ स्वतः ऑफिसात येऊन उभे राहिले, हातात गंजाचे डाग पडलेला शर्ट.

"मी हो म्हणालो? कधी म्हणालो? माझ्या वतीनं हो म्हणणारा कोण आहे तो, त्याला बाहेर बोलवा!"

सुपरवायझर पोरगी मायेची. तिनं त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि आत येऊन ताईच्या डोक्यावरचा तो पापुद्रे झडणारा हेडफोन स्वतःच्या हातानं काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. "ताई, ही तुमची चूक नाहीच. ह्या डबड्याची आहे. मी वर तसंच कळवते. हा घ्या नवा, आणि तो फोन परत ऐका. चुकलेली ओळ फक्त सुधारून द्या."

पळवाट आयती समोर होती. ताईनं नवा हेडफोन डोक्यावर चढवला. गाद्या थंड, मऊ. पेडल दाबलं. "चालेल ना?" कंपनीचा माणूस म्हणाला. पुढे शांतता. "बरं बरं, नोंद घेतो."

"ऐकलंत ना? मघाशी मी ऐकून बघितलं, किती स्वच्छ बोललेत ते," सुपरवायझर म्हणाली. "लिहा."

ताईची बोटं कळफलकावर थांबलेली. अंदाजानं "नाही" लिहिता आलं असतं. पण नाही म्हटल्यावर माणूस आणखी काय काय म्हणाला असेल, हे अंदाजात बसेना. आणि दाराबाहेर ते गृहस्थ तो शर्ट घेऊन बसले होते. तिनं हेडफोन काढला, उलटा फिरवला आणि पुन्हा घातला. टाच दाबली.

"नाही. नाही हो. दुरुस्ती आता पुरे. मी एकटा राहतो, बादल्या उचलवत नाहीत मला. बदलून द्या."

तिनं सगळं टाइप केलं, एकही शब्द न गाळता. वर बघितलं तर सुपरवायझर तिच्या डाव्या कानाकडे पाहत होती. तिथे नव्या हेडफोनवर मोठा "R" छापलेला होता, म्हणजे उजवी बाजू. पोरगीनं हेडफोन काढून घेतला, स्वतः घालून बघितला, सरळ. मग खाली ठेवला.

"कधीपासून, ताई?"

"वायर दुमडते," ताई म्हणाली. पण वायर नवी कोरी होती.

डॉक्टरांनी आतली नस गेली असं सांगितलं. आता दुरुस्त होण्यातलं नाही. "कान बदलून मिळतो का?" ताईनं विचारलं. डॉक्टर हसले. ताई हसली नाही. भाऊ सगळं ऐकून म्हणाला, "बघ, म्हणजे मी नवा आणला असता तर वायाच गेला असता." पुढच्या आठवड्यात ताईच्या खोलीत भावजयीचं शिवणयंत्र आलं. तात्पुरतं आहे, असं भावजय म्हणाली, मुद्दाम उजव्या बाजूला येऊन, मोठ्यानं.

पेन्शनर गृहस्थांना यंत्र बदलून मिळालं. ताईच्या खुर्चीवर नवी मुलगी आली.

निरोपाला चहा आणि बिस्किटं होती. मुलींनी आपापसात ठरवून भेट आणली होती, चकचकीत कागदात बांधलेली. सुपरवायझर बोलायला उभी राहिली. "आम्ही ताईंना इतकी वर्षं धड हेडफोनसुद्धा दिला नाही, याचं वाईट वाटतं. म्हणून आज हा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डावीकडच्या टाळ्या ताईला ऐकू आल्या नाहीत.

तिनं कागद सोडला, घडी करून पर्समध्ये ठेवला. खोक्यातून हेडफोन काढून दोन्ही बाजू निरखून पाहिल्या.

"ताई, दोन शब्द बोला ना," कुणीतरी म्हणालं.

ताई म्हणाली, "मला उजवी पुरते. डावी काढून तुम्हीच ठेवा. गिऱ्हाईक त्याच बाजूनं बोलतं."