पांढऱ्या गाडीला नीळ

देऊळघाटात अर्जुनराव खोटं बोलतात असं कुणी म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्याने त्यालाच वेड्यात काढलं असतं. मिरचीच्या पोत्यात वर एक माल आणि तळाला दुसरा, हे त्यांना कधी जमलं नाही. वांगी किडकी निघाली तर बाजारात ते स्वतःच सांगून मोकळे होत, मग घरी येऊन पोरांच्या शिव्या खात. पण हेच अर्जुनराव रोज सकाळी चहा पिता पिता बायकोशी एक खोटं बोलत, आणि बशी पालथी घालून शेताकडे निघत.

"पुसली का गाडी?" पुष्पाबाई ओट्यावरून विचारत.

"हाव वं. चकाचक."

गाडी पुसलेली नसे.

आता ही गाडी काय प्रकरण होतं ते आधी सांगितलं पाहिजे. त्या वर्षी मिरचीने साथ दिली आणि घरात गाडी घ्यायची ठरली. पोरांना लाल हवी होती. शेजारचे महादेवराव म्हणाले, काळपट घ्या, मातीच्या रस्त्याला तीच बरी. पुष्पाबाई तोवर पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं न थांबवता सांगितलं, "पांढरी घ्या. मळली तं दिसते. दिसली तं पुसता येते." तिथेच निकाल लागला.

गाडी आली आणि अर्जुनरावांचा गावात दर्जाच बदलला. पहिल्यांदा ते धाडच्या बाजाराला गाडी घेऊन गेले तो किस्सा तर अजून सांगतात. पांढरी गाडी, आत पांढरं धोतर, पांढरी टोपी. बाजाराच्या तोंडाशी गाडी थांबली तशी एका वाण्याला वाटलं, वजनमापं तपासणारा साहेब आला. त्याने डोळ्याने पुढच्याला खुणावलं, त्याने त्याच्या पुढच्याला. बघता बघता अर्ध्या बाजारातले काटे सरळ झाले. अर्जुनरावांना काहीच पत्ता नाही. त्यांनी गूळ घेतला, तो मापाला इतका भरभरून मिळाला की ते घरी येऊन म्हणाले, "धाडचे लोक लय देवमानूस हायेत बाप्पा."

त्या सगळ्या रुबाबाची मालकीण मात्र पुष्पाबाई. झुंजुमुंजू झालं की अर्जुनरावांच्या जुन्या धोतराचा मऊ फडका ओला करून त्या गाडी पुसत. धोतरं धुवायचीही त्यांची तऱ्हा होती. निळीची पूड फडक्यात पुरचुंडी बांधून पाण्यात फिरवायची, पाणी आभाळासारखं झालं की धोतर एकदाच बुडवून काढायचं. अर्जुनराव चौकात उभे राहिले की लांबून ओळखू येत.

मग पुष्पाबाईंच्या डोळ्यांपुढे धुकं जमायला लागलं. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातले खडे दिसेनात. गाडीचा फडका त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला तेव्हा म्हणाल्या, "आता तुमी पुसत जा. मले कुठं मळ हाय ते दिसून नाई राह्यलं."

अर्जुनरावांनी सुरुवातीला पुसली. मग एखादा दिवस राहिला. मग पाणी सोडायचं असे, मग मजूर खोळंबलेले असत. फडका खिळ्यावर वाळून पापडासारखा कडक झाला. गाडी कडुलिंबाखाली उभी राहायची. त्याचा चीक, पाखरांची घाण, वरून उन्हाळ्याचं ऊन. हळूहळू टपाचा रंग पिवळट, खडबडीत झाला. बोट फिरवलं तर शाळेच्या खडूसारखी पूड हाताला लागे. पुष्पाबाई विचारायच्या आणि अर्जुनराव म्हणायचे, चकाचक.

शेवटी त्यांच्या लेकीने, बुलढाण्याला दिलेल्या रेणुकाने, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करवून घेतलं. धुळीत नको, चुलीजवळ नको, म्हणून काही दिवस तिला आपल्याकडेच ठेवून घेतलं. पट्टी निघाली त्या दिवशी रेणुकाचा फोन आला.

"बाबा, मायले सारं साफ दिसून राह्यलं. भिंतीले हात लावते अन् म्हनते, पांढरं एवढं पांढरं असते का वं? अन् आयका, तिले बसनं नाई यायचं. गाडीच पायजे. म्हनते, मले माही गाडी पाहाची हाये."

अर्जुनराव "हाव हाव" म्हणाले, फोन ठेवला आणि अंगणात जाऊन कितीतरी वेळ गाडीकडे बघत उभे राहिले. त्यांच्या लक्षात आलं की इतके दिवस आपण गाडीकडे पाहिलंच नव्हतं. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि आपल्याला डोळे असून.

आता माणूस घाबरला की त्याला जे घरात दिसतं तेच औषध वाटतं. मोरीच्या कोनाड्यात निळीची पुडी होती. पांढरं पिवळं पडलं तर काय करतात? उभा जन्म त्यांनी हेच पाहिलं होतं. त्यांनी बादलीभर पाण्यात पुडी झाडली, काठीने ढवळलं आणि टपावर ओतलं. वर झाडूने पसरवलं.

तो खडूसारखा झालेला रंग तहानलेल्या जमिनीसारखा नीळ प्यायला. कुठे ओघळ, कुठे ठिपके, आणि बॉनेटवर झाडूचे पट्टे. धुवायला गेले तर ते अधिकच खुलले.

महादेवराव कुंपणावरून डोकावले. "अर्जुनराव, पोळ्याचा बैल रंगवून राह्यले का?"

बुलढाणा रस्त्यावर नागसेनचं पत्र्याचं शेड आहे. तिथे गाड्यांचे पोचे काढून रंग देतात. अर्जुनराव टोपी खाली ओढून, खाली मान घालून तिथवर गेले. नागसेनने गाडीला एक फेरी मारली. हसू दाबलं, पण दाबलं जाईना.

"काका, आमच्या झेंड्यावानी निळी करून आनली, मले खूश कराले का?"

"मस्करी नोको करू बे. काकू येऊन राह्यली. निघते का तं सांग."

"निघते. पन गाडी हाये का धोतर? नीळ काऊन टाकली?"

"पांढरं नाई करत का नीळ?"

नागसेनने किल्लीसाठी हात पुढे केला. त्याने गाडी सावलीत घेतली, धुतली, कोरडी केली. मग टपाच्या कोपऱ्यावर पांढरा लेप लावून मशीनचा मऊ गोळा फिरवला. फडक्याने पुसल्यावर तळहाताएवढी जागा उघडी पडली. दुधासारखी. तिच्यात वरच्या पत्र्याच्या पन्हाळी दिसल्या आणि अर्जुनरावांची टोपीसुद्धा दिसली.

"हे पाहा. वरचा थर मेला व्हता, खालचा जित्ता हाये. मेलेला काढाचा, बस." नागसेनने फडका दाखवला. त्यावर पांढरी पूड होती आणि निळी झाक. "पन हा रंगच हाये काका, मळ नोहे. जेवढं घासलं तेवढा रंग कमी झाला. हे सारखं सारखं होत नसते. खाली पत्रा निघते."

"मंग टिकन कसा?"

"मेन लावून देतो. अन् रोज पुसा."

हे शेवटचे तीन शब्द अर्जुनरावांना असे लागले की ते जाऊन बाकड्यावर बसले.

मेण मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं. नागसेनने शिकवलं तसं, थोडं थोडं, गोल गोल, धुकं आल्यासारखं दिसलं की थांबायचं आणि मऊ कापडाने उतरवायचं. धुकं धरायचं आणि मग फडक्याखाली चमक निघायची. पुष्पाबाईंच्या डोळ्यांचं असंच झालं असेल का, हे त्यांच्या मनात आलं. दरवाजा झाला, बॉनेट झालं. नागसेन दोनदा म्हणाला, राहू द्या काका, मी करतो. ते ऐकत नव्हते. गाडी चमकत गेली तसतसा मनावरचा भार कमी व्हायला हवा होता. तो वाढतच होता.

रेणुकाच्या दारात गाडी थांबली. काळा चष्मा लावलेल्या पुष्पाबाई पायरीवर उभ्याच होत्या. त्यांनी चष्मा वर केला, डोळे बारीक केले आणि गाडीला पुढून मागून पाहिलं. टपावर हात फिरवला. तळहात उलटा करून बघितला. कोरा होता.

"अवं माय," त्या हळूच म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "मायं चुकलं बरं का. मधी एकदा हात लागला तं पूड लागली व्हती. मले वाटलं, हे खोटं बोलून राह्यले. मनात लय वाईट बोलली मी तुमाले."

आता गप्प बसलं असतं तर सगळं जिंकलं होतं. रेणुकाही हसून बघत होती. अर्जुनरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुयं नाई चुकलं," ते म्हणाले. "नाई पुसली म्या. रोजचं खोटं सांगतलं. ही चमक नागसेनच्या शेडातली हाये."

पुष्पाबाई गाडीकडे वळल्या. बॉनेटच्या कडेला, काच जिथे टेकते त्या खाचेत, एक बारीक निळी रेघ राहून गेली होती. त्यांनी तिच्यावर नख फिरवलं.

"नीळ?"

"हाव."

"पुरचुंडी नाई बांधली. तशीच झाडली पुडी."

"हाव."

मग त्यांची नजर नवऱ्याच्या धोतरावर गेली. तिथे थांबली. पिवळट धोतरावर गुडघ्याजवळ निळे ठिपके होते, सोग्यावर एक मोठा डाग. अंधुक डोळ्यांनी त्यांनीच धुतलेलं धोतर.

"हे... हे असे धोतरं घालून हिंडले तुमी?"

"बरे तं हायेत."

"लोकं हसले नाईत?"

"हसले. मी म्हनलं, नवी फॅशन हाये."

"मले काऊन नाई सांगतलं?"

पुष्पाबाईंनी सोगा हातात घेतला, त्या डागावर अंगठा फिरवला. डोळ्यांना पाणी लावायचं नाही असं डॉक्टरने बजावलं होतं, म्हणून रेणुका घाईने पुढे झाली. पण पुष्पाबाईंनी चष्मा खाली केला होता.

"धोतराचं खोटं माह्यासाठी व्हतं," त्या म्हणाल्या. "ते चालन. गाडीचं तुमच्यासाठी व्हतं. ते नाई चालत."

आणि दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव चहाला ओट्यावर आले, तर बशी नव्हती. खिळ्यावरचा फडका पाण्यात भिजून मऊ झाला होता आणि बादलीच्या काठावर ठेवला होता. पुष्पाबाई काळा चष्मा लावून खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"टपापासून सुरू करा," त्या म्हणाल्या. "मी पाहते."